दाजींचं टाइमटेबल

आमच्या दाजींनी यंदा मे महिन्यात सहकुटुंब युरोप पाहायचं ठरवलंय. तेही रेल्वेनं. राहणार कुठले? धाराशिवचे.

म्हणजे ज्या गावाला स्वतःचं स्टेशन मिळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

टूर कंपनी नको, हे दाजींचं पहिलं कलम. कंपनीवाले पहाटे उठवतात आणि झेंड्यामागं पळवतात. दाजी शाळेत वीस वर्षं वेळापत्रक लावतात. त्यांच्या मते युरोप म्हणजे आठ तासिका आणि एक मधली सुट्टी. एक्सेलची शीट तयार आहे, रकाने अकरा. कोलोनला बसायचं, बाझेलला उतरायचं, इंटरलाकेनची गाडी धरायची. बाझेलला मधे सात मिनिटं.

सात मिनिटांत आमची ताई पर्समधला चष्मासुद्धा शोधू शकत नाही.

‘अहो पाहुणे, जर्मन गाडी आहे. तिच्यावर घड्याळ लावून घ्यावं!’ लावा की. 2024 मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या वेळेवर होत्या 62.5 टक्के. आणि तिथं सहा मिनिटांच्या आतला उशीर हा उशीर धरतच नाहीत. म्हणजे गाडी अगदी ‘वेळेवर’ आली, तरी दाजींच्या सातातून उरणार जेमतेम एक.

रद्द झालेली गाडी या हिशेबात येतच नाही. जी आलीच नाही ती उशिरा कशी येईल? हे गणित आपण त्यांना शिकवलं की त्यांनी आपल्याला, एवढंच विचारायचंय.

स्विस लोक पक्के. उशिरा आलेली जर्मन गाडी ते अनेकदा बाझेललाच थांबवतात आणि पुढं आपली स्वतःची सोडतात. शेजारच्याची सर्दी आपल्या घरात कशाला?

‘दिलवाले दुल्हनिया’मध्ये झुरिकची गाडी चुकली म्हणून शाहरुखला काजोल मिळाली. दाजींची चुकली तर ताईचे बोल मिळतील. तेही चार बॅगांसह. तिकडं हमाल नसतो.

आता रेल्वेचा पास. युरेलचा एक पास, 33 देश, आणि बारा वर्षांच्या आतलं मूल मोठ्यांसोबत फुकट. ही ओळ वाचून दाजी हरखले. धाकटा भाचा गेली तीन वर्षं एसटीत नऊच वर्षांचा आहे. कंडक्टरनं विचारलं की तो पायही दुमडून बसतो. पण युरोपात वय पासपोर्टवरून मोजतात, आणि पासपोर्टवर त्याला बारा पूर्ण होतात अक्षय्य तृतीयेला.

निघायची तारीख? तृतीयेनंतरची.

शिवाय पास म्हणजे जागा नव्हे. फ्रान्सच्या टीजीव्हीत पास खिशात असला तरी जागेचे पैसे वेगळे मोजावे लागतात. खिडकीतून रुमाल टाकायची सोय नाही. खिडकीच उघडत नाही.

शेंगेन व्हिसाची फी माणशी 90 युरो, मुलांना 45. ‘मुलं’ म्हणजे सहा ते अकराची. धाकट्याचा वाढदिवस पुन्हा आडवा. नकार आला तर फी परत नाही. कागद काय लागतात? हॉटेल, विमा, बँकेचं स्टेटमेंट आणि आपण नक्की परत येऊ याचा काहीतरी पुरावा. दाजींनी सातबारा जोडलाय, इंग्रजी भाषांतरासह. तीन एकर, पीक सोयाबीन.

सोयाबीनच्या ओढीनं माणूस परत येतो? दाजींचा सख्खा भाऊ त्याच तीन एकरांकडं बघून पुण्याला पळाला.

ताईचा रकाना वेगळा, खाण्याचा. म्युनिकला भाचेसून असते, तिच्यासाठी कुंथलगिरीचे पेढे, दोन किलो. डबा आला, त्यावर कापड शिवलं, कापडावर नावसुद्धा टाकलं. मग कुणीतरी सांगितलं, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपीय संघाची बंदी आहे. ताईला पहिल्यांदाच युरोपचा राग आला. पेढ्यात कसलं आलंय मांस? शेंगाचटणी मात्र चालेल म्हणतात. सुसंस्कृत खंड आहे.

शीटवर सर्वांत ठळक ओळ युंगफ्राउची. 3454 मीटरवरचं स्टेशन, 1912 सालचं. पासावर तिथं नुसती सवलत. बाकी पैसे रोख. वाटेत लाउटरब्रुनेनहून एक चिमुकली दातेरी गाडी वर चढते. तिचा व्हिडिओ दाजी रोज जेवताना लावतात. रुळांची रुंदी किती? 800 मिलिमीटर.

आपल्या बार्शी लाइटची 762. फरक 38 मिलिमीटरचा. करंगळीपेक्षा कमी!

ही बार्शी लाइट एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रजानं 1897 मध्ये सुरू केली. 1911 पर्यंत ती लातूरला पोचली. जिल्ह्याच्या गावाला मात्र शिवली नाही. उतरायचं येडशीला, पुढं आपलं आपण. हीच अडीच फुटी रेल्वे इथं जमली म्हणून कॅलथ्रॉपनं ती मायदेशात, स्टॅफर्डशरमध्ये, 1904 मध्ये पुन्हा घातली. ती 1934 मध्येच बंद पडली. आपली चालली पुढच्या शतकापर्यंत. 2008 पर्यंत लातूरकडचा भाग ब्रॉडगेज झाला, आणि कुणी हळहळलं नाही.

खेळण्यातली गाडी म्हणून आपण ती काढली, आणि आता दाजी खेळण्यातल्या गाडीत बसायला आल्प्सला निघालेत.

शीटवर नेपल्सही आहे. का? पॉम्पेईत सापडलेली हस्तिदंती मूर्ती तिथल्या संग्रहालयात आहे, भारतातून गेलेली. तशाच घडणीची मूर्ती आपल्या तेरला निघाली. तेर म्हणजे जुनं तगर. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथात नाव आहे. इथला माल गाड्यांतून भडोचला आणि तिथून जहाजानं रोमकडं जायचा. बिनव्हिशाचा. ‘दाजी, तेरचं संग्रहालय पाहिलंत?’

‘ते काय, कधीही जाता येतं.’

कधीही जाता येणाऱ्या ठिकाणी आपल्याकडं कुणीच जात नाही. अपवाद फक्त तुळजापूरचा. पण तिथं रेल्वेनं जायचा रकाना कोरा. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा 84 किलोमीटरचा मार्ग. पायाभरणी झाली जानेवारी 2019 मध्ये. आई आहे, ती थांबेल. भक्त एसटीनं येतील.

तसं उन्हाळ्यात आमच्या रुळांवर रेल्वेचं कौतुक झालेलंच नाही असं नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी निघाली, पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमच्याच स्टेशनातून गेली. टीव्हीवाले तिच्याबरोबर धावत होते. आमचे घसे कोरडेच होते, पण गाडी आमची नव्हती.

असो. परवा दाजींनी अख्खी शीट वाचून दाखवली. पॅरिस–झुरिक, मिनिटासह. झुरिक–व्हेनिस, डब्याच्या नंबरासह. ही आरक्षणं आधीच झालेली, खिडकीच्या जागा, मुलांच्या समोर टेबल. फक्त पहिला रकाना त्यांनी भर्रकन ओलांडला.

‘दाजी, धाराशिव ते मुंबई?’

आपल्याकडं आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं. 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडतं. ते उघडलं त्या सकाळी दाजी पेपर तपासत होते. दुपारी पाहिलं तर वेटिंग. चौघांचंही.

मग मी वाकून पाहिलं. पहिल्या रकान्यात, खोडलेल्या एक्सप्रेसच्या जागी, पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘ट्रॅव्हल्स. स्लीपर, खालचं मिळालं तर.’