जलदेवतेनं विचारलंच कशाला?

मोठ्या माणसांनी लहान मुलांना विचारायचे प्रश्न आपल्याकडे ठरलेले आहेत. नाव काय? कितवीत? मोठेपणी कोण होणार? आणि शेवटी, दोघंही समोर बसलेले असताना, आई जास्त आवडते की बाबा? एवढी तोंडी परीक्षा आटोपली की पाहुणे चकलीकडे वळतात आणि मूल सुटतं. हेच पाहुणे निघताना चपला शोधत म्हणतात, ‘हल्लीची मुलं बोलतच नाहीत हो. सारखी मोबाइलमध्ये!’

शाळेत बोलणं भरपूर असतं. परिपाठात प्रार्थना होते, प्रतिज्ञा होते, सुविचार, दिनविशेष, बोधकथा, सगळं होतं. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ असं खड्या आवाजात म्हणणारा वक्ता टाळ्या घेऊन खाली उतरतो. त्याला ‘तुला स्वतःला काय वाटतं रे?’ असं विचारलं, तर तो भाषण लिहून देणाऱ्या आईकडे बघतो. वर्गात ‘समजलं का?’ला ‘होऽऽ’ असं एकसुरात उत्तर येतं. त्याचा समजण्याशी संबंध नसतो, घंटेशी असतो.

निवृत्तीमुळे माझ्याकडे वेळ होता आणि जवळच्या मराठी शाळेत ‘आनंददायी शनिवार’ होता. पहिली ते आठवीच्या मुलांना शनिवारी आनंद द्यायचा, असं शासनानं ठरवल्यामुळे तो देणारी माणसं हवी होती. योगासनं आणि रस्ता सुरक्षा आधीच वाटली गेली होती. ‘आजोबा, तुम्ही पाचवीशी गप्पा मारा,’ बाई म्हणाल्या, ‘पण जरा अर्थपूर्ण.’

अर्थपूर्ण म्हटल्यावर मी घाबरून वाचायला बसलो. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या अभ्यासक होत्या. १९७०च्या सुमारास त्यांनी विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण ऐकून शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती थांबतात ते मोजलं. जेमतेम एक सेकंद! तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर पुढचा प्रश्न, नाही तर पुढचा मुलगा. तीन सेकंद थांबायला सांगितल्यावर उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, गप्प बसणारी मुलं बोलू लागली. दुसरी मेख अशी की उत्तर आल्यावरही थांबायचं. लगेच ‘शाब्बास’ म्हटलं की विषय तिथंच मिटतो.

तीन सेकंद म्हणजे काय फार, असं वाटत असेल तर घरी करून बघा. आमच्याकडे फोनवर कोणी एवढा वेळ गप्प राहिलं, तर पलीकडून ‘हॅलो, हॅलो, रेंज गेली वाटतं’ सुरू होतं.

मग मॅथ्यू लिपमन भेटले, अर्थात पुस्तकात. न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवता शिकवता त्यांना वाटलं, विचार करायला कॉलेजात शिकवणं म्हणजे फारच उशीर झाला. १९७४मध्ये त्यांनी न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरला मुलांच्या तत्त्वज्ञानासाठी संस्था काढली. पद्धत साधी. गोल बसायचं, गोष्ट वाचायची आणि प्रश्न मुलांनी काढायचे. प्रश्न फळ्यावर, पुढे विचारणाऱ्याचं नाव. चर्चा कशावर करायची तेही मुलंच ठरवणार.

मी लाकूडतोड्याची गोष्ट निवडली. नदीत पडलेली कुऱ्हाड, ‘ही तुझी का?’ असं विचारत जलदेवतेनं वर काढलेली सोन्याची, चांदीची, मग लोखंडाची, आणि प्रामाणिकपणाबद्दल तिन्ही बक्षीस. तात्पर्य जिभेवर आलं होतं, ते गिळलं आणि म्हणालो, ‘विचारा.’

एक, दोन... तिसऱ्या सेकंदाला बाईच उत्तर द्यायला निघाल्या. त्यांना खुणेनं बसवलं.

मग फळा अपुरा पडला. सोन्याच्या कुऱ्हाडीनं लाकूड तुटतं का? ती विकायला गेल्यावर सोनार पावती मागणार नाही का? झाडं तोडणाऱ्याला बक्षीस कसं? त्यातच खिडकीजवळच्या मुलीचा प्रश्न होता. ‘कुऱ्हाड लोखंडाची आहे हे जलदेवतेला माहीत होतं ना? मग तिनं विचारलंच कशाला?’

मतं याच प्रश्नाला पडली.

‘परीक्षा घ्यायला.’

‘सोन्याची तुझी का, असं मुद्दाम विचारायचं म्हणजे तीच खोटं वागली की!’

‘बाईपण माहीत असलेलंच विचारतात.’

बाईंनी हजेरीपट उघडला आणि त्यात बराच वेळ काहीतरी शोधलं.

‘पण तो खरं बोलला तो बक्षिसासाठी का?’

‘नाही. त्याला बक्षिसाचं माहीतच नव्हतं.’

‘त्याला नव्हतं. आपल्याला आता माहीत आहे,’ मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला. ‘आता आपण नदीवर गेलो आणि खरं बोललो, तर ते खरं धरायचं का?’

बोधकथा सांगून प्रामाणिकपणा शिकवणाऱ्या माझ्या अख्ख्या पिढीचा पाया या पोरानं हलवला होता. मला ‘वा, वा’ म्हणायचं होतं. रोबाईंना स्मरून मी ओठ आवळले. म्हणून तर पुढचं ऐकायला मिळालं.

‘आमच्याकडे खरं सांगितलं की मार मिळतो,’ तोवर गप्प असलेली एक मुलगी म्हणाली. ‘कुऱ्हाड नाही मिळत.’

‘मग तू खोटं सांगतेस?’ हे शेजारणीनं विचारलं, मी नाही.

‘नाही. आजीला खरं सांगते. तिला ऐकू कमी येतं.’

वर्ग हसला, तीही हसली. मग दुसरा म्हणाला, ‘मी आमच्या म्हशीला सांगतो.’ आणि कोण कुणाला खरं सांगतं, याची जी रांग लागली, तीत आईवडिलांचा नंबर बराच मागे होता.

संध्याकाळी बाई अहवाल भरायला बसल्या. फोटो होता, उपस्थिती होती. ‘विद्यार्थ्यांना काय समजले?’ या रकान्यापाशी पेन अडलं. तिथं त्यांनी शेवटी ‘चर्चा सुरू आहे’ असं लिहिलं. सरकारी कागदावर इतकं खरं वाक्य मी आजवर वाचलेलं नाही.

मुलांना खोल बोलायला शिकवावं लागत नाही. शिकायचं असतं ते आपण, आणि तेही गप्प बसायला. त्यावर बाईंनीच तोड काढली. हल्ली त्या प्रश्न विचारला की लगेच पाण्याचा घोट घेतात. तोंड भरलेलं असलं की उत्तर देता येत नाही, उत्तर आल्यावर दुसरा घोट, म्हणजे शाब्बासकीही अडकते. म्हणून ‘मुलाशी नेमकं काय बोलावं?’ असं विचारणाऱ्या पालकांना मी प्रश्नांची यादी देत नाही. बाटली लिटरची घ्या, एवढंच सांगतो.