एस.टी.च्या अंतरातलं औषध

पहिली शिंक आली की आण्णा नुसतं वर बघतात. दुसरीला चष्मा काढतात. तिसऱ्या शिंकेला ते जागेवर नसतात, परसात अडुळशाची पानं तोडायला पोचलेले असतात. शिंकणाऱ्याला अजून आपल्याला सर्दी झाल्याचा पत्ता नसतो आणि इकडे चुलीवर पातेलं चढलेलं असतं.

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या वाड्यात आण्णांची खोली जिन्याखाली आहे. त्यामुळे वर जाणारा प्रत्येक खोकला त्यांच्या जकातनाक्यावरून जातो. हळदीच्या अडतीवर त्यांनी ३८ वर्षं दिवाणजी म्हणून काढली. पोत्यातलं राजापुरी हळकुंड उचलायचं, कट्‌कन मोडायचं, आतला रंग बघायचा आणि मग बोलायचं, ही सवय त्यांना माणसांच्या बाबतीतही आहे. "हा आतनं फिका आहे," असं त्यांनी एखाद्या जावयाबद्दल म्हटलं की सौदा मोडलाच म्हणून समजावं.

त्यांचं सगळं वैद्यकशास्त्र हरिपूरच्या पेवांतून आलेलं आहे. जमिनीत खोल खड्डे, त्यात हळद. वर्षानुवर्षं राहिली तरी कीड लागत नाही. २००५ च्या पुरात या पेवांत पाणी शिरलं तेव्हा आण्णांना कित्येक दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. त्यांचा हिशेब सरळ आहे. "इथल्या मातीत हळद किडत नाही. मग इथल्या मातीतलं औषध पोटात असलं तर माणूस कसा किडेल? सांगा की!" यावर उत्तर द्यायला तोंड उघडावं तर त्यात चमचाभर अडुळशाचा रस पडतो.

'इथलं' कशाला म्हणायचं, याचाही नियम ठरलेला आहे. सकाळच्या एस.टी.नं निघून दुपारच्या जेवणाला परत येता आलं पाहिजे, तेवढ्या अंतरातलं औषध ते इथलं. त्यात कोल्हापूरचा गूळ बसतो, तासगावचा बेदाणा बसतो. साताऱ्याचं आलं जरा लांब पडतं, पण त्याला रात्रीच्या जेवणाची सवलत आहे. पलीकडचं सगळं परमुलखातलं.

गेल्या पावसाळ्यात मी पुण्याहून वाड्यात उतरलो तो नाक गळतच. आण्णांनी पिशवी खाली ठेवू दिली नाही.

"कुठली?"

"काय कुठली?"

"सर्दी."

सर्दीला दोनशेहून जास्त प्रकारचे विषाणू कारण असतात, असं डॉक्टर सांगतात. आण्णा मात्र ती गावावरून ओळखतात. कोल्हापूरची सर्दी दणक्यात येते, आरडाओरडा करते आणि तीन दिवसांत गळ्यात गळा घालून मिटवून टाकते. मुंबईची येते घड्याळ लावून आणि जाते घड्याळ लावून. माझी त्यांनी दोन मिनिटं ऐकली आणि मान हलवली. "पुण्याची आहे. कोरडी. कुणाचं ऐकून घेणार नाही. हिला इथलं औषध लागू पडायला वेळ लागंल."

तरी लगेच उपचार सुरू झाले. आधी तव्यावर भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी. मग हळकुंड निखाऱ्यावर धरून त्याचा धूर नाकानं ओढायचा. अख्खं हळकुंड सर्दीवर वाया घालवणं अडतीच्या माणसाला शोभत नाही, म्हणून अर्धंच. धूर आत गेला, डोळ्यांतून पाणी आलं, डोक्याच्या मागच्या बाजूला कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं झालं. आरशात पाहिलं तर नाकाचा शेंडा कोळशासारखा. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. अर्ध्या हळकुंडानं काळा झालेला मी पहिलाच.

मुख्य विधी काढ्याचा. चार भांडी पाणी, आटून उरायचं एक. गवती चहा आणि तुळस परसातली. सुंठ, मिरी, लवंग, दालचिनी, जेष्ठमध फडताळातल्या डब्यांमधले. पातेल्यावर झाकण ठेवायचं नाही आणि पातेल्यापुढे मोठ्यानं बोलायचं नाही. पण माझी पुतणी नववीत आहे आणि तिला भूगोलात पैकीच्या पैकी मिळतात.

"आण्णा, लवंग मूळची इंडोनेशियातली."

आण्णा ढवळत राहिले.

"जेष्ठमध बहुतेक अफगाणिस्तान नाहीतर इराणकडनं येतो. आणि काकाच्या रुमालावर तुम्ही शिंपडलंय ना निलगिरीचं तेल, ते झाड ऑस्ट्रेलियाचं. इंग्रजांनी आणलं."

वाड्यात शांतता पसरली. आण्णांचं सगळं शास्त्र आता त्या पातेल्यात विरघळणार, असं मला वाटलं. त्यांनी पळी कडेला टेकवली.

"आली असंल. पण आल्यावर परत गेली का?"

"नाही."

"मग झालं की. माणूस कुठनं आला हे कोण विचारतंय? रेशनकार्डावर नाव लागलं की गावचा. लवंगेचं नाव आपल्या कार्डावर आपल्या आज्ज्यापणज्यांच्या आधीपासून आहे."

पुतणीनं हार मानली नाही. दुकानातल्या खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत ब्रोमहेक्झिन असतं आणि ते शास्त्रज्ञांनी अडुळशातल्याच एका द्रव्यावरून घडवलंय, असं तिनं सांगितलं. म्हणजे बाटलीसुद्धा इथलीच!

आण्णा पहिल्यांदा गंभीर झाले. "म्हणजे आमचाच पोरगा. शिकायला बाहेर गेला." थोडा वेळ परसातल्या अडुळशाकडे बघितलं. "शिकू दे. पण परत आला ते नाव बदलून. आता बापाच्या दारात उभा राहून दर सांगतो."

आण्णांच्या आयुष्यात सुवर्णकाळ एकच आला, २०२० चा. आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुकांचा काढा घ्या म्हणून सांगितलं, तेव्हा जिन्याखालच्या खोलीला सचिवालयाची कळा आली. बाकीचे करोनाच्या धास्तीत होते, आण्णा मनुकांच्या आनंदात. "मनुका घातल्यात बघा! तासगावचा कोणीतरी माणूस दिल्लीत बसलेला आहे." काढ्यानं करोना बरा होत नाही, हे वाड्यातल्या नर्सबाईंनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. "बरा होतो म्हणून कोण देतंय?" आण्णा म्हणाले, "घरात बसलेल्या माणसाला दिवसातनं दोनदा काहीतरी काम नको?"

काढ्यावर अशी भिस्त असली तरी आण्णांच्या शास्त्राला कुंपण आहे, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. अंगात कणकण होती तिचा ताप झाला. आण्णांनी कपाळाला हाताची पालथी बाजू लावली, पुतणीकडून थर्मामीटर मागून घेतला, १०२ आकडा दोनदा वाचला आणि पातेलं उतरवून पालथं घातलं. मी काढ्यासाठी हात पुढे केला तर हातावर चापटी बसली.

"सर्दी माझी. तिसऱ्या दिवशीचा ताप माझा नाही. ऊठ, मिरजेला जायचं."

"म्हणजे शेवटी परकंच औषध," मी कण्हत म्हटलं.

"मिरज परकी? एस.टी.नं गेलास तर दुपारचं जेवण सोड, अकराच्या चहाला परत येशील."

दारातून पुतणी म्हणालीच, "मिरजेतला मोठा दवाखाना १८९४ मध्ये वानलेस डॉक्टरांनी काढला, आण्णा. ते कॅनडाचे होते."

आण्णांनी पायात वहाणा सरकवल्या. "परत गेल्यावरही दवाखाना इथंच ठेवला का न्हाय? मग लाव नाव कार्डावर."

मिरजेच्या डॉक्टरांनी फ्लू सांगितला, तापाच्या गोळ्या दिल्या, भरपूर पाणी आणि विश्रांती सांगितली. अँटिबायोटिक देणार नाही, विषाणूवर ते चालत नाही, हेही सांगितलं. गरम काहीतरी पीत राहा, असं ते सहज बोलून गेले. बस. परतीच्या एस.टी.त आण्णांनी ते वाक्य कंडक्टरला तीनदा ऐकवलं.

आठव्या दिवशी मी खडखडीत बरा झालो. बॅग घेऊन जिना उतरत होतो, तेवढ्यात जिन्याखालून शिंक आली. मग दुसरी. मग तिसरी. खोलीत आण्णा नाकाला पंचा लावून पातेल्यापुढे बसले होते. डोळे लाल, पण चेहरा समाधानी.

"आण्णा, माझी लागली की काय तुम्हाला? पुण्याची?"

"पुण्याची होती," आण्णा काढा ढवळत म्हणाले. "आठ दिवस वाड्यात राहिली. आता इथलीच झाली. आता बघ, कसं लागू पडतंय ते."