धुराची हजेरी

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीच्या फटाक्यांना रात्री ८ ते १० अशी वेळ बांधून दिली. त्याच सालच्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मूल्यांकनात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुण मिळवून प्रदूषणात देशात पहिलं आलं. एवढे गुण पडूनही पेढे कोणी वाटले नाहीत.

या कारखान्यांना लागून असलेल्या सालवड गावाला म्हणूनच धुराच्या दोन जाती ठाऊक: सणापुरता येणारा हंगामी आणि तिन्ही पाळ्यांत राबणारा कायम. नागपूरच्या 'नीरी'ने कमी धुराचा हरित फटाका काढला. पोरं खोक्यावरचा हिरवा शिक्का दाखवून बिनधास्त वात पेटवतात. दहा वाजून गेल्यावर सुतळी बॉम्ब फुटला की शेजारचे काका खिडकीतून ओरडतात, "प्रदूषण करता काय रे?" आणि डबा घेऊन रात्रपाळीला निघतात.