कूलरच्या हवेतली आमरी

मे 2024 मध्ये अकोल्यात ऊन इतकं तापलं, की प्रशासनाला जमावबंदीचं कलम 144 लावावं लागलं. दंगल नाही, मोर्चा नाही, निव्वळ सूर्य! अशा गावात अमरावतीच्या वन्संनी आम्हाला गृहप्रवेशाला फॅलेनॉप्सिस जातीची आमरी दिली. पांढरी फुलं झडली, उरली चार जाड पानं. देणारा सुटतो, संसार घेणाऱ्याच्या गळ्यात.

शेजारच्या काकूंनी पारदर्शक कुंडीत डोकावून पाहिलं. "माय वं! याले माती कुठी हाये?" माती नसतेच. नारळाचं सोडण आणि कोळशाचे तुकडे. मुळं तहानली की चंदेरी दिसतात, पाणी मिळालं की हिरवी होतात. पण पाणी कोणतं? आमचा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्यातले क्षार हिच्या मुळांना सोसत नाहीत. म्हणून हिला पिंपात राखलेलं पावसाचं पाणी, आणि आम्ही बोअरच्या पाण्यानं न्हाऊन केसांचे झाडू करून घेतो.

फुलं पुन्हा हवीत तर खरी गरज थंड रात्रींची. रात्रीचा पारा काही आठवडे 16 ते 18 अंशांवर उतरला, की हिच्या मनात येतं. दिवाळी सरली की एवढी थंडी अकोल्यातही फुकट मिळते. पूर्वेच्या खिडकीत, पातळ पडद्याआड ठेवलं की झालं. मग पानाच्या बेचक्यातून हिरवं टोक निघतं आणि घरात वाद पेटतो. टोक गोल, गुळगुळीत असेल तर मूळ. चपटं, बाजूला खाच असलेलं असेल तर फुलांची दांडी. आमचे 'हे' प्रत्येक मुळाला दांडी म्हणतात. आशावादी माणूस!

दांडी दिसल्यापासून फुलापर्यंत साधारण तीन महिने. म्हणजे फुलं उमलतात होळीच्या सुमाराला, आणि पाठोपाठ ऊन हजर. मी उकाड्यानं हैराण झाले तरी माळ्यावरून न उतरणारा कूलर हिच्यासाठी मार्चातच उतरतो. झोत अंगावर नको, ओलसर हवा मात्र हवी, अशी बाईसाहेबांची तऱ्हा.

हिचीच नातलग मेळघाटात राहते, व्हँडा टेसेलाटा. झाडाच्या खोडाला मुळं आवळून बसते आणि ऐन उन्हाळ्यात फुलते. ना पिंप, ना कूलर.

"मंग थेच कावून नाही आनली?" काकूंनी विचारलं.

व्याघ्र प्रकल्पातून झाडं उचलून आणता येत नाहीत, मी म्हटलं.

"आनूबी नको," काकू म्हणाल्या. "इचे लाड पाहून थिले रागच येईन."