शिसवी सहाबारी

जुन्या सोसायट्यांमधून एखादा तरी निवृत्त गृहस्थ असा असतोच, की ज्याच्या गॅलरीत कुंडी ठेवायला जागा उरलेली नसते. कुणी तिथे काड्यापेटीच्या काड्यांचा शनिवारवाडा उभारत असतो, कुणी पुठ्ठ्याचं इंजिन. ही माणसं निरुपद्रवी. पाहुणे येतात, 'वा' म्हणतात, चहा होतो, विषय संपतो. पण याच जमातीत एक पोटजात आहे आणि तिच्या नशिबी ते 'वा' नाही. ही पोटजात लाकडाची जुनी रिव्हॉल्व्हरं करते. शोभेची नव्हे, चालणारी. काकांनी (या पोटजातीतल्या सगळ्यांना आपण काकाच म्हणू) मोठ्या अपेक्षेनं ती वस्तू पाहुण्याच्या हातात ठेवली, की पाहुणा हमखास विचारतो, "गोळी सुटते का?"

ताजमहालासमोर उभं राहून कुणी 'कार्पेट एरिया किती?' विचारावं, तसा काकांचा चेहरा होतो.

कारण चालणं म्हणजे काय, हे पाहुण्याला कळलेलंच नसतं. अंगठ्यानं घोडा मागे ओढायचा. आतली एक चिमुकली पट्टी वर सरकते, चेंबरच्या बुडाच्या दातेरी चकतीला ढोसते, आणि चेंबर साठ अंशांतून फिरतं. एकसष्ट नाही, एकोणसाठ नाही. त्याच क्षणी खालून एक खुंट वर येऊन खाचेत बसतो आणि नवं भोक नळीच्या नेमकं समोर उभं राहतं. मग चाप ओढायचा. घोडा पडतो. खट्. संपलं. त्या एका 'खट्'साठी काकांचे आठ महिने गेलेले असतात, आणि पाहुणा 'बरं, पुढे?' अशा नजरेनं नळीच्या तोंडाकडे बघत असतो.

काका पिंपरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये होते. शतांश मिलिमीटरच्या खाली बोलायची सवय नाही. निवृत्तीनंतर काही दिवस त्यांनी वर्निअर घेऊन काकूंच्या पोळ्यांची जाडी पाहिली. पुढे काय झालं ते दोघंही सांगत नाहीत, पण त्याच आठवड्यात गॅलरी काकांना मिळाली.

लाकडाच्या बाबतीत त्यांचं सोवळं कडक. सागवान हे दारं-खिडक्यांचं लाकूड, तिथेच त्यानं राहावं. आंबा पेट्यांना ठीक. रिव्हॉल्व्हरला शिसवच, आणि तीही मुरलेली. म्हणून काका जुन्या बाजारात जाऊन मोडक्या पलंगांचे खूर हुंगत हिंडतात. चार पिढ्यांचा संसार पेललेला तो खूर घरी आला की करवतीखाली जातो. आत धातू अजिबात नाही. स्प्रिंगच्या जागी आकाशकंदिलातून उरलेली बांबूची कामटी. खरा त्रास ती दातेरी चकती देते. दाते सहा, पण लाकडाची रेष एकाच दिशेनं धावणार. त्यामुळे रेषेच्या अंगानं असलेले दोन दाते भक्कम आणि आडवे आलेले चार आज ना उद्या टवका सोडणार. यावर काकांनी पातळ कापं काढून, एकाची रेष उभी तर दुसऱ्याची आडवी अशी फेव्हिकॉलनं जोडून चकती केली. हे सांगताना ते आवाज इतका खाली आणतात, की ऐकणाऱ्याला उगाच आपण कटात सामील झाल्यासारखं वाटतं.

एवढं करून आषाढ लागला की शिसवही जराशी फुगते आणि चेंबर अडकतं. यावर उपाय काकूंचा तांदळाचा डबा. तांदूळ दमटपणा ओढून घेतो, हे शास्त्र. पण मागे शेजारच्या नव्या सूनबाई वाटीभर तांदूळ मागायला आल्या, काकूंनी बोलता बोलता डब्यात हात घातला आणि आंबेमोहोरासोबत साडेसात इंची नळीचा कोल्ट बाहेर काढला. "अगोबाई, हा इथे होय!" म्हणत त्यांनी तो ओट्यावर ठेवला आणि वाटी भरून दिली. सूनबाई आता तांदूळ दुकानातून आणतात.

कोल्टचा विषय मात्र आपण होऊन काढू नये. काढलाच, तर संध्याकाळचे बेत रद्द करावेत. १८३० साली सोळा वर्षांचा सॅम्युएल कोल्ट 'कॉर्व्हो' नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून बोस्टनहून कलकत्त्याला निघाला. जहाजाचं सुकाणूचं चाक कसं फिरतं आणि हव्या त्या जागी कसं अडकतं, ते पाहून त्याला फिरत्या चेंबरची युक्ती सुचली, असं सांगतात. हाताशी होतं ते लाकूड तासून त्यानं नमुना केला. तो हार्टफर्डच्या वड्सवर्थ अथेनियम संग्रहालयात जपलेला आहे. इथपर्यंत इतिहास. पुढचं काकांचं. "म्हणजे अस्सल कोणतं? लाकडाचं! नक्कल कोणती? लोखंडाची! माझ्या वस्तूला लोक प्रतिकृती म्हणतात. अहो, प्रतिकृती कोल्टनं काढली. लाखांनी काढली!"

१८३६ साली कोल्टला अमेरिकेत पेटंट मिळालं, पॅटर्सन गावात कारखाना निघाला आणि १८४२ साली तो बुडाला. "बुडणारच," काका म्हणतात, "लोखंडाच्या नादी लागला." पाच वर्षांनी तोच कोल्ट सरकारी मागणी मिळवून त्याच लोखंडात गब्बर झाला, हा भाग सांगायच्या वेळी त्यांना नेमकी चष्मा पुसायची आठवण होते. काकूंना या चरित्रातला वेगळाच प्रसंग आवडतो. नमुन्यांसाठी पैसे उभे करायला हा पठ्ठ्या 'न्यूयॉर्क, लंडन आणि कलकत्त्याचे डॉक्टर कुल्ट' बनून गावोगाव लोकांना लाफिंग गॅस हुंगवत हिंडला होता. "बघा," काकू म्हणतात, "छंदापायी त्यानं चार पैसे मिळवले तरी."

एकदा एका हुशार भाच्यानं सांगितलं, की कोलियर नावाच्या माणसाचं फिरत्या चेंबरचं पिस्तूल कोल्टच्या आधीच, १८१८ साली निघालं होतं, आणि कोल्टनं ते कलकत्त्यातच पाहिलं असावं असं काही अभ्यासक मानतात. काका शांतपणे म्हणाले, "त्याचं चेंबर हातानं फिरवावं लागायचं." भाच्याला त्या दिवशी दुसरा कप चहा मिळाला नाही.

काकांची सर्वात लाडकी कृती १८५१ सालचं नेव्ही मॉडेल. मूळ वस्तूच्या चेंबरवर १८४३ सालच्या कँपेचेच्या लढाईचं चित्र असतं. टेक्सासची गलबतं आणि मेक्सिकोची गलबतं. काकांनी भिंग लावून सुईनं ती सगळी शिसवीवर उतरवली. अस्सलपणाचा एवढा आग्रह, पण नीट पाहिलं तर मागच्या एका गलबतावर त्रिकोणी झेंडा आहे, आणि तो टेक्सासचाही नाही, मेक्सिकोचाही नाही. विचारलं तर म्हणाले, "टेक्सासला आरमार चालतं, मग आंग्र्यांना एक गलबत नको?"

हाच माणूस राज्यनाट्य स्पर्धेला निघालेल्या मुलांशी मात्र कसा वागला, ते पाहा. रहस्यनाट्य होतं, इन्स्पेक्टरच्या हाती रिव्हॉल्व्हर हवं होतं. काकांनी विचारलं, "नाटक कोणत्या सालचं?" मुलं म्हणाली, १९७०च्या सुमाराचं, मुंबईतलं. "मग इन्स्पेक्टर एकशे एकोणीस वर्षांपूर्वीचं हत्यार घेऊन कसा येतो? प्रत्येक बाराला दारू ठासणार, मागे टोपी बसवणार, तोवर खुनी विरारला पोचेल." मुलांनी गयावया केली, प्रेक्षकांना काही कळणार नाही म्हणून पटवलं. तेच चुकलं. प्रेक्षकांना कळणार नाही म्हटल्यावर काकांनी वस्तू फडक्यात गुंडाळली. शेवटी इन्स्पेक्टरनं दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल रोखलं आणि ऐन वेळी टिकली वाजली नाही. काका पहिल्या रांगेत होते. त्यांनी एकट्यांनीच टाळ्या वाजवल्या.

परवा काकूंच्या पासपोर्टच्या चौकशीसाठी हवालदार आले. दार उघडताच समोरच्या भिंतीवर ओळीनं अकरा रिव्हॉल्व्हरं. त्यांनी टोपी सारखी केली, कागद खाली ठेवले.

"काका, हे काय?"

"लाकूड आहे, हवालदारसाहेब."

"गोळी सुटते का?"

सवयीनं काकांनी डोळे मिटले. मग १९५९चा शस्त्र कायदा काढला. तो त्यांना पाठ आहे. "सहावं कलम. नकली बंदुकीची खरी करायला परवाना लागतो. खरीची लाकडी करायला लागत नाही." आणि उत्तराची वाट न पाहता नेव्ही मॉडेल त्यांच्या हातात दिलं.

हवालदारांनी घोडा ओढला. चेंबर फिरलं. खट्. त्यांनी पुन्हा ओढला. नंतर ते खुर्चीत बसले. काकूंनी पोहे केले, ते खाऊन झाले, दुसऱ्या चौकशीचे दोन फोन येऊन गेले, तरी खट् खट् चालूच. निघताना ते हळूच म्हणाले, "काका, पोराला एखादं मिळेल का?" काका विकत नाहीत, पण कामटी कशी तासायची, ते त्यांनी दारात उभं राहून दाखवलं.

त्या दिवशी काका खुशीत होते. गोळी बाजूला ठेवून कुणीतरी यंत्र पाहिलं होतं. पण आठवड्यानं पासपोर्ट आला, चौकशी व्यवस्थित पार पडल्याचं कळलं, आणि काका जेवता जेवता थांबले.

"म्हणजे त्यांनी आक्षेपार्ह काही आढळलं नाही, असंच लिहिलं असणार."

"मग? चांगलंच झालं की," काकू म्हणाल्या.

"काय चांगलं? घरात अकरा रिव्हॉल्व्हरं, सगळी चालू स्थितीत, आणि एकावरही आक्षेप नाही?"