हरकतदार

नांदेड-लातूरकडच्या कोणत्याही तालुक्याच्या गावी असा एक तरी इसम हमखास आढळतो, की ज्याच्या हाती यादी पडली असता तीत काय आहे यापेक्षा तीत काय नाही हे त्यास आधी दिसते. जत्रेच्या वर्गणीदारांची पाटी असो, पीकविम्याच्या लाभार्थ्यांचा कागद असो वा एखाद्या लग्नपत्रिकेतील मानकऱ्यांची रांग असो, हा गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवतो, कागद डोळ्यांशी नेतो आणि ज्या स्वरात न्यायाधीश फिर्यादीस नाव विचारतो त्या स्वरात विचारतो, "ह्याच्यात आपलं कुठाय?" त्याचे हे 'आपलं' प्रसंगानुसार भावकीपासून महसूल विभागापर्यंत विस्तार पावते. अन्यायाची त्यास चीड असते असे म्हणवत नाही. किंबहुना अन्याय झाला नाही असे आढळल्यास तो काहीसा हिरमुसतो. निजामी अमदानीत बापजाद्यांनी अर्ज, तगादे आणि स्मरणपत्रे लिहून जी विद्या संपादन केली, ती मुलुख १९४८ साली मुक्त झाल्यावर केवळ उपयोगाअभावी लयास जाऊ द्यावी, हे त्याच्या मनास पटत नाही. अशा इसमास मी हरकतदार म्हणतो.

लातूरचे अण्णा हे या वर्गाचे शिरोमणी. हयात तहसिलीत अव्वल कारकून म्हणून गेली. गाव निलंग्याकडचे, त्यामुळे व्यवहार मराठीत आणि म्हातारीशी भांडण कन्नडात, ही घराची जुनी वहिवाट. नातू 'नीट'ची दुसऱ्यांदा तयारी करीत असे, आणि लातूरच्या शिकवण्यांचा लौकिक पाहता तो रात्री दोन वाजता लॅपटॉपपुढे बसलेला दिसला यात अण्णांना अभिमानच वाटावयाचा. परंतु पडद्यावर पेशीऐवजी तटबंदी दिसली.

"काय करायलास रे?"

"राज्य करायलोय, आजोबा."

"कुणाचं?"

"गुर्जरांचं."

दुसरा कोणी आजोबा असता तर लॅपटॉप कपाटात गेला असता. अण्णांनी खुर्ची ओढली, आणि परीक्षेच्या आदल्या महिन्यात नातवाकडून 'एज ऑफ एम्पायर्स' या खेळाचा समग्र कारभार समजून घेतला: एकेक प्राचीन वा मध्ययुगीन लोकसमूह निवडावा, त्याचे नगर वसवावे, शिपाई भरती करावे, शेजाऱ्याचा मुलुख जिंकावा. खेळ कसा खेळतात यात त्यांस स्वारस्य नव्हते. तो आजतागायत त्यांनी एकदाही खेळलेला नाही. त्यांनी मागितली ती यादी. १९९९ साली खेळाचा दुसरा भाग निघाला तेव्हा तीत तेरा संस्कृती होत्या आणि हिंदुस्थानातली एकही नव्हती. २०१३ साली 'इंडियन्स' या एकाच नावाखाली अख्खा देश एकाच सातबाऱ्यावर चढवण्यात आला. पुढे २०२२ साली वाटणी होऊन बंगाली, द्रविड आणि गुर्जर असे तीन नवे खातेदार निर्माण झाले, व जुन्या खात्याचे नाव 'हिंदुस्तानी' असे पडले. अण्णांनी यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली, आणि क्षीण आवाजात म्हणाले, "राष्ट्रकूट?"

हरकतदाराच्या हरकती बहुधा पोकळ असतात, हे मान्य करूनही सांगणे भाग आहे, की या वेळी अण्णांच्या हाती खरोखरीचे प्रकरण लागले होते. आठव्या-नवव्या शतकांत कनौजच्या गादीसाठी जो दीर्घकालीन कज्जा चालला त्यात पक्षकार तीन: बंगालचे पाल, गुर्जर-प्रतिहार आणि दख्खनचे राष्ट्रकूट. पैकी पालांची सोय बंगाल्यांत झाली. प्रतिहारांना तर गुर्जर या नावाने स्वतंत्र सनदच मिळाली. ज्यांच्या ध्रुवाने या दोघांनाही धूळ चारली, ज्याचा पुत्र तिसरा गोविंद उत्तरेत थेट हिमालयापर्यंत गेल्याचे संजानचा ताम्रपट सांगतो, आणि ज्यांच्या तिसऱ्या इंद्राने दहाव्या शतकाच्या आरंभी खुद्द कनौज घेतले, त्या घराण्यास मात्र द्रविडांच्या सामायिक खात्यात चोल-पांड्यांच्या शेजारी बसावयाचे! "हरलेले दोघं आत," अण्णा म्हणाले, "अन् जिंकलेला दारात चपला सांभाळायला." शिवाय हे घराणे स्वतःस 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत असे, आणि लट्टलूर म्हणजे लातूर, असे विद्वानांचे मत असल्यामुळे अण्णांना हा अपमान थेट गंजगोलाईच्या मधोमध झाल्यासारखा वाटला. पुण्याच्या मंडळींना काय, त्यांचे मराठे २००९ सालीच 'एम्पायर: टोटल वॉर' या दुसऱ्या एका खेळात दाखल होऊन बसले आहेत; त्यांना दख्खनच्या पूर्वजांची निकड ती कशी भासणार, असे अण्णांचे म्हणणे, आणि त्यात अगदीच तथ्य नाही असे मला वाटत नाही.

अण्णांचा आधारग्रंथ मात्र अरबी. सुलैमान नावाच्या व्यापाऱ्याच्या नावे प्रसिद्ध असलेल्या इ. स. ८५१ च्या वृत्तान्तात जगातील चार थोर राजे सांगितले आहेत: अरबांचा खलिफा, चीनचा सम्राट, रूमचा बादशहा आणि चौथा बल्हारा, म्हणजे वल्लभराज, म्हणजे आपला राष्ट्रकूट. "यादी अकराशे वर्षांपूर्वीच मंजूर झालीय. आता फक्त अंमलबजावणी पाहिजे."

बातमी नांदेडला पोहोचली आणि पेशकारसाहेब उठून बसले. पेशकारी वडिलांची, निजामाच्या काळातली; चिरंजीव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तरी हुद्दा वारशाने चालू राहिला. नांदेड आणि लातूर यांचे नाते परक्यास समजणे कठीण. महसूल आयुक्तालय कोणाकडे जावे यावर दोन्ही गावांनी कचेऱ्या आणि रस्ते दणाणून सोडले. मुख्यमंत्री नांदेडने दोन दिले, शंकरराव आणि अशोकराव चव्हाण, तर लातूरनेही मोजून दोनच दिले, शिवाजीराव निलंगेकर आणि विलासराव देशमुख, त्यामुळे तो सामना बरोबरीत अडकून पडला आहे. राष्ट्रकूट खेळात यावेत याबद्दल पेशकारांचे दुमत नव्हते. त्यांची हरकत एकच: राज्य म्हटले की राजधानी आली, आणि ती कंधार असावी. कंधारचा किल्ला आहे, जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव आहे, क्षेत्रपालाच्या अजस्र मूर्तीचे अवशेष आहेत. लातुरात काय, तर पदवीतले एक नाव! आणि राष्ट्रकूट जमत नसतील तर वाकाटक घ्या. वाशीमच्या ताम्रपटात नान्दीकड आहे, ते नांदेडच, असे खुद्द वा. वि. मिराशींनी म्हटले आहे.

दोघांची मसलत अहमदपुरास, मध्यावर, चहाच्या टपरीवर भरली. नातू तांत्रिक सल्लागार म्हणून हजर होता, आणि त्याने आरंभीच दोघांच्याही तोंडचे पाणी पळवले. खेळातली खरी राजधानी व्हायची ती मान्यखेट, जे आज कलबुर्गी जिल्ह्यात मळखेड म्हणून नांदते. शिपायावर बोट ठेवले की तो आपल्या भाषेत उत्तर देतो. द्रविडांचे शिपाई तमिळ बोलतात. मग राष्ट्रकूटांचे? अमोघवर्षाच्या दरबारात 'कविराजमार्ग' झाला तो कन्नडात. पेशकार गप्प झाले. अण्णा मात्र प्रथमच खुलले: "बोलू दे की कन्नडात! आमच्या आईचा आवाज द्या. एक हाक मारली तर प्रतिहार माघारी जातील."

दुसरी अडचण त्याहून गहन होती. प्रत्येक संस्कृतीस एक महान वास्तू बांधता येते, आणि राष्ट्रकूटांची ती वास्तू म्हणजे वेरूळचे कैलास लेणे, याविषयी वाद संभवतच नव्हता. पण खेळात इमारत पायापासून वर चढत जाते; कैलास तर डोंगराच्या माथ्यावरून सुरुवात करून कळसाकडून पायाकडे कोरत आणले. म्हणजे मजूर आधी शिखर करणार आणि शेवटी जोते! शिवाय त्यासाठी दगड जमवायचा नाही, काढून टाकायचा. नातू म्हणाला, कंपनीला हे जमणार नाही. पेशकार म्हणाले, पाटबंधारे खात्यात आम्ही बिल आधी आणि पाया नंतर असे कितीदा केले आहे, कंपनीला शिकवू.

इतक्यात नातवाने सहज सांगितले, की २०२५ च्या मे महिन्यात याच खेळात चीनच्या तिसऱ्या शतकातील भांडणाचे तीनही पक्ष, वेई, शू आणि वू, स्वतंत्र संस्कृती म्हणून दाखल झाले. अण्णांच्या हातची बशी कलली. तिघांचे भांडण, तिघांनाही जागा! याहून चांगली नजीर कोणत्या वकिलाला मिळाली आहे? तत्क्षणी वहीचे पान फाडून अर्जाचा मसुदा सुरू झाला: 'प्रति, मा. व्यवस्थापक, मायक्रोसॉफ्ट कंपनी, मौजे रेडमंड, जिल्हा किंग, राज्य वॉशिंग्टन.' तालुका कोणता हे नातवास सांगता येईना, तेव्हा त्याच्या अभ्यासाविषयी अण्णांना प्रथमच शंका आली.

मजकूर उत्तम उतरला. सही मात्र अडली. वर्णानुक्रमे 'न' आधी येतो, हे पेशकारांचे म्हणणे. पदवीतले गाव आधी, हे अण्णांचे. त्यातच शेजारच्या बाकावर बसवकल्याणचे एक प्रवासी इतका वेळ शांतपणे भजी खात होते, त्यांनी हात पुसून तोंडी हरकत नोंदवली: ९७३ साली तैलपाने राष्ट्रकूटांचा निकाल लावला, पुढे त्याच्याच घराण्याने आमच्या कल्याणीहून राज्य केले, मग मयताच्या नावावर नवीन खाते कसे उघडता?

दोघे हरकतदार क्षणार्धात एक झाले. मयत असला तरी वारस आहेत, असे अण्णा गरजले. वारसनोंदीची नोटीस काढावी लागेल, हरकतीस मुदत पंधरा दिवस, असे पेशकारांनी मसुद्याच्या समासात टिपले. आता ती नोटीस मळखेडच्या चावडीवर डकवायची की कनौजच्या, एवढाच मुद्दा राहिला होता, आणि त्यासाठी दुसरा चहा मागवण्यात आला.