कलेचं जॉबवर्क

इंडिया आर्ट फेअर २००८ साली सुरू झालं तेव्हा त्याचं नाव इंडिया आर्ट समिट होतं आणि ते प्रगती मैदानात भरायचं. २०१२ साली नाव बदललं, मुक्काम ओखल्याला हलला. ओखला म्हणजे दिल्लीची एमआयडीसी. तिथलं मैदान राष्ट्रीय लघुउद्योग निगमाचं, म्हणजे एनएसआयसीचं. कोट्यवधींची चित्रं लघुउद्योगाच्या अंगणात मांडायचं कुणाच्या डोक्यात आलं असेल ते असो, आमच्या दाजींना दिल्लीला न्यायला ते कामी आलं.

दाजींचं भोसरीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. नुसत्या कलेसाठी ते चिंचवडपर्यंतही आले नसते. पण एनएसआयसी म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. “त्या ग्राउंडवर मशिनरीचं प्रदर्शन बघितलंय मी. चला पाव्हणं, आपलंच हाय ते.”

निजामुद्दीनला जाणाऱ्या दुरांतोत मी त्यांची पूर्वतयारी करून घ्यायला बसलो. सुरुवात केळ्यापासून केली. २०१९ साली मायामीच्या आर्ट बाझलमध्ये मौरिझिओ कातेलान यांनी एक केळं चिकटपट्टीनं भिंतीला लावलं आणि ते एक लाख वीस हजार डॉलरला विकलं गेलं. २०२४ साली त्याचीच एक प्रत लिलावात ६२ लाख डॉलरला गेली.

“केळं नासत असंल की,” दाजी म्हणाले.

“नासतं. मग नवं लावायचं. घेणाऱ्याला प्रमाणपत्र मिळतं आणि केळं कसं लावायचं त्याच्या सूचना.”

“म्हणजे माल शून्य, पैसं इन्व्हॉइसचं.” दाजींच्या स्वरात आदर होता. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “आन् केळं बदलायचं एएमसी कुणाकडं असतंय?”

मग मी गायतोंड्यांवर आलो. वासुदेव गायतोंडे, जन्म नागपूरचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे.त, आणि दिल्लीत बरीच वर्षं मुक्काम आपण उतरणार त्याच निजामुद्दीन भागात. रोलर आणि पॅलेट नाइफनं रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे. वर्षाकाठी मोजकीच चित्रं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचं एक चित्र ६७ कोटींना गेलं.

“प्रॉडक्शन कमी ठेवलं, म्हणून रेट मिळाला,” दाजी म्हणाले आणि वरच्या बर्थवर जाऊन झोपले.

ओखला एनएसआयसी नावाचं मेट्रो स्टेशनच आहे, त्यामुळे चुकायची सोय नाही. मैदानात पांढरेशुभ्र अजस्र तंबू, आणि आत शिरणाऱ्या माणसांकडे पाहिल्यावर चित्रं आतच आहेत की बाहेरही, असा प्रश्न पडतो. हातमागाच्या साडीखाली स्पोर्ट्स शूज. दंडगोल आकाराचे कानातले. एका गृहस्थांनी दोन पायांत दोन रंगांचे मोजे घातले होते, आणि ते घाईत झालेलं नव्हतं. या मंडळींत दाजी माकडटोपीत. मी टोपी काढायला सांगणार, तोच एका तरुणीनं त्यांना थांबवून टोपीचा फोटो मागितला आणि डिझायनर कोण म्हणून विचारलं. “घरवाली,” दाजी म्हणाले. ती म्हणाली, “वॉव.” त्यानंतर टोपी दिवसभर उतरली नाही.

आत गॅलऱ्यांची दालनं. एका बाजूला हुसेन, रझा, सूझा ही जुनीजाणती मंडळी, दुसरीकडे आजचे लोक. हुसेन यांच्या एका चित्रासमोर मी ठेवणीतली माहिती काढली: त्यांचं १९५४ सालचं ‘ग्रामयात्रा’ हे जवळजवळ चौदा फूट लांबीचं चित्र कित्येक दशकं नॉर्वेतल्या एका इस्पितळात होतं, आणि मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ११८ कोटींना गेलं.

“उंची?”

“तीनेक फूट.”

दाजींनी मोबाइलवर गुणाकार-भागाकार केला. “स्क्वेअर फुटाला दोन कोटी ऐंशी लाखाच्या वर. पाव्हणं, बाणेरला लोक उगंच बोंबलत्यात.”

इथल्या चिठ्ठ्या दाजींना आवडल्या. कलावंताचं नाव, साल, साहित्य, लांबी-रुंदी. “स्पेसिफिकेशन चोख दिलंय. रेट तेवढा खाल्ला.” किंमत विचारली की गॅलरीच्या बाई टॅबलेट छातीशी धरतात आणि हळू आवाजात ‘प्राइस ऑन रिक्वेस्ट’ म्हणतात. दाजींनी हात जोडून सांगितलं, “रिक्वेस्ट करता हूँ.” बाईंना हसू आलं आणि किंमतही सांगितली गेली. मी पंधरा वर्षं प्रदर्शनं पाहतो आहे. मला कुणी आकडा सांगितलेला नाही. अठरा लाख अधिक जीएसटी. “पाच टक्के,” बाई म्हणाल्या. सप्टेंबर २०२५ पर्यंत चित्र-शिल्पांवर तो १२ टक्के होता. दाजी कळवळले. “आणि आम्हाला अठरा!”

अठरा लाखांचं ते शिल्प म्हणजे गंजलेल्या सळ्यांचा पुरुषभर उंच पिंजरा, एका बाजूला कललेला. मी दोन पावलं मागं सरून डोळे बारीक केले आणि विस्थापन, स्मृती, नगराची हाडं वगैरे मनाशी जुळवू लागलो. दाजी दोन पावलं पुढं जाऊन उकिडवे बसले. नाक सळईपासून वीतभर. बोट न लावता त्यांनी एकेक जोड पाहिला.

“ये टॅक है,” ते म्हणाले. “फुल रनिंग वेल्डिंग नहीं है. और ये कोनेवाला किसी दुसरे आदमीने मारा है.”

कोपऱ्यात कॉफी पीत असलेला दाढीवाला तरुण ताडकन उठला. तोच शिल्पकार. कोपऱ्यातला जोड त्याचा स्वतःचा होता, बाकीचे वेल्डरचे. प्रीव्ह्यूच्या दिवसापासून शेकडो लोक येऊन गेले, त्यांतल्या निम्म्यांनी पिंजऱ्यासोबत सेल्फी काढली, पण हे कुणाला दिसलं नव्हतं. मग दोघांची जी बैठक जमली तीत मला शिरकाव नव्हता. गंज कसा थांबवला? आधी मिठाच्या पाण्यानं आणला, मग ब्रश मारून वर मॅट लॅकर. लॅकर पावसाळ्यात उचलंल, दोन कोट टू-पॅक पीयू क्लिअर मार. आणि हा तिरकेपणा? मुद्दाम. “मुद्दाम तिरपं उभं ऱ्हायलंय, म्हणजे खाली वजन दडवलंय,” असं म्हणून दाजींनी बुडाची प्लेट किती मिलिमीटरची ते अंदाजानं सांगितलं. अंदाज बरोबर निघाला. शिल्पकारानं वही काढून पुढच्या कामाचं रेखाटन दाखवलं; दाजींनी त्याच पानावर किलोचा भाव मांडला. नाव कुणाचं लागणार, हा माझा प्रश्न दोघांनाही गैरलागू वाटला. “ड्रॉइंग त्याचं, माल त्याचा,” दाजी म्हणाले, “आपलं जॉबवर्क.”

एवढ्यात टॅबलेटवाल्या बाईंनी येऊन चिठ्ठीशेजारी लाल टिकली चिकटवली. पिंजरा विकला गेला होता. मी अभिनंदन केलं. दाजींनी विचारलं, “पेमेंट कब?”

शिल्पकार गप्प झाला. निम्मे गॅलरीचे, हा तर या धंद्यातला सर्रास रिवाज. उरलेले घेणाऱ्याकडून येतील तेव्हा. मागच्या एका कामाचे अजून यायचे होते. दाजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि २००६ चा एमएसएमई कायदा समजावून सांगितला: लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत भागवायचं, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पहिलं उद्यम रजिस्ट्रेशन करून घे, फुकट आहे.

शिल्पकाराचे डोळे चमकले. “और कानून से पैसा मिल जाता है?”

“माहीत नाही बाबा,” दाजी मराठीतच म्हणाले. “आमची एक केस दोन वर्षं चालू हाय.”

आणि दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून असे हसले, की शेजारच्या दालनातले लोक हे परफॉर्मन्स आर्ट असावं म्हणून मोबाइल काढून गोळा झाले.